मेनूतली दुसरी ओळ

चपला राखायला मला बसवलं होतं.

पाचवीत होते. शाळेत कॉम्प्युटर आले होते. त्यांच्यासाठी एक खोली रंगवून काढली, खिडकीला निळा पडदा लावला, दारावर पाटी लावली: चपला बाहेर काढाव्या. धूळ आत गेली की मशीन बिघडते म्हणे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूजा ठेवली. कॉम्प्युटरच्या प्रत्येक डब्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. पोरं रांगेत उभी. मीही उभी. ओंजळीत झेंडू होता, घरामागच्या झाडाचा. आईनं पहाटे तोडून दिला होता.

दाराशी सर उभे होते. माझी पाळी आली तसा त्यांनी हात आडवा धरला.

"तू थांब. तुह्या हाताले झिंग्याचा वास येऊन राहिला."

मागची पोरं हसली. वास येत होता, खोटं कशाला बोलू. सकाळी आईसोबत झिंगे निवडले होते. राखेनं हात घासले होते, तरी तो वास नखांत राहतोच. सरांनी माझ्या ओंजळीतली फुलं काढून घेतली. फुलं चालली.

"इथंच बस," ते म्हणाले. "चपला पाह्यत राह्य. कुत्रं नेईन नाही तं."

बसले. पायरीवर. आतून घंटेचा आवाज, आरती, टाळ्या. मग पोरांचा एकदम ओरडा झाला, म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा उजळला असणार. मी चपलांकडे बघत होते.

एकदा बसवलं की ती आपली जागा होते. पुढच्या तासाला सरांना काही सांगावंही लागलं नाही. सगळे आत गेले आणि मी आपोआप पायरीवर बसले. वर्षभर बसले. कुणाचा अंगठा तुटलेला, कुणाच्या चपलेला तार बांधलेली, कुणाचे सँडल नागपूरहून आणलेले, सगळं मला पाठ झालं. कॉम्प्युटर मात्र मी खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पाहिला. संस्थेचे सचिव अधूनमधून खोली बघायला यायचे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. ते बुटासकट आत जायचे. त्यांच्या बुटाला धूळ नसायची असं नाही. मी खाली बसलेली होते, मला दिसायची. पाटी आमच्या पायांसाठी होती.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बस ना मंग. उन्हात तं नाही बसवलं."

आईचं असंच होतं. ती अपमान ऐकायची आणि त्यातली सावली शोधायची. मला तिचा फार राग यायचा. अजूनही येतो.

आम्ही ढिवर. गावाच्या तळ्यात मासे धरायचे, मोहाडीच्या बाजारात विकायचे, थंडीत शिंगाडे काढायचे. आणि मोठ्या घरी लग्न निघालं की पाणी भरायचं. आमच्या हातचं पाणी सगळ्यांना चालतं, ही जुनी रीत आहे. पाणी चालतं. आम्ही पंगतीत चालत नाही.

भाऊसाहेबांच्या घरी लग्न असलं की अंगणात दोन ड्रम मांडायचे. एक मांडवाजवळ, निळा, नवा, खाली रांगोळी, पाण्यात वाळा टाकलेला. दुसरा गोठ्याजवळ, लोखंडी, काठाला गंज. पहिल्यात त्यांच्या घरच्या विहिरीचं पाणी. ते सोयऱ्यांसाठी आणि गावातल्या मोठ्या घरांसाठी. दुसऱ्यात तळ्याकाठच्या सरकारी विहिरीचं. ते शेतावरच्या गड्यांसाठी, बँडवाल्यांसाठी, आमच्या टोल्यासाठी, म्हणजे ढिवरांच्या वस्तीसाठी. दोन्ही ड्रम भरायची आई. आणि स्वतःला तहान लागली की प्यायची दुसऱ्यातलं.

लग्नं उन्हाळ्यात असतात. उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचं पाणी पार तळाला जायचं. दोर ओढता ओढता आईचे तळवे सोलून निघायचे आणि वर यायचा अर्धी घागर गाळ. एका लग्नात आईनं दोर सोडून दिला. मागच्या दारानं गेली, तळ्याकाठच्या विहिरीवरून घागर भरून आणली आणि निळ्या ड्रममध्ये ओतली. मग दुसरी. मग सगळीच. कुणी पाहिलं नाही. पाणी भरणारीकडे कोण बघतो? वराकडच्या एका म्हाताऱ्यानं गडू तोंडाला लावला आणि मान डोलावून म्हणाला, "घरच्या हिरीचं पानी म्हंजे बाप्पा, वेगळंच गोड."

आई घरी येऊन हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मी तिला इतकं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्यानंतर त्या घरी जेवढी लग्नं झाली तेवढ्या लग्नांत दोन्ही ड्रम एकाच विहिरीचे. ही गोष्ट तिनं फक्त मला सांगितली. मी चपला राखून आले की ती पाठ चोळता चोळता तीच गोष्ट पुन्हा सांगायची. मला झोप यायची त्यानं.

मी शिकले. कशी शिकले ते सांगत बसत नाही. आमच्यासारखी पोर शिकते तेव्हा ऐकणाऱ्याला त्यातल्या चटणी-भाकरीचीच गोष्ट पाहिजे असते, आणि ती ऐकून त्याचं पोट भरतं. भंडाऱ्याला पदविका केली, नागपुरात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त केले, वडील गेले तशी परत आले. त्याच शाळेत कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायला लागले. मला घेतलं, कारण एवढ्या पगारात नागपूरचा माणूस येत नव्हता.

खोली तीच. खिडकीचा पडदा विटलेला. मशीनं मेलेली. छत गळून हार्ड डिस्का गेल्या होत्या, उरलेल्या उंदरांनी पाहून घेतल्या. पुढच्या रांगेतल्या चार मशीनवर भाऊसाहेबांच्या वडिलांच्या नावाच्या पट्ट्या होत्या, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. त्याही मेलेल्या. पण पूजा दरवर्षी व्हायची.

मला एक रस्ता माहीत होता. मशीनमध्ये हार्ड डिस्क नसली तरी ते चालतं. बटण दाबलं की ते केबलमधून हाक मारतं, कुणी आहे का म्हणून. कोपऱ्यातलं एक मुख्य मशीन ती हाक ऐकतं, त्याला पत्ता देतं आणि तारेतून सगळी सिस्टीम पाठवून देतं. पोरांचं कामही त्या मुख्य मशीनमध्येच राहतं. समोरच्या डब्यात काहीच नसतं, नुसता पडदा, कळफलक आणि थोडी ताकद. लिनक्स आणि त्यावरचं हे सगळं सॉफ्टवेअर मुक्त आहे. जगातल्या माणसांनी लिहून मोकळं सोडलेलं. कुणाची परवानगी नको, कुणाचा उपकार नको. माहिती सगळी इंग्रजीत होती, माझं इंग्रजी लंगडं. पण लंगडा माणूसही बाजारात जाऊन येतोच.

दिवाळीची सुट्टी त्यात गेली. पडदे उजळेनात. मशीन हाक मारायचं, पत्ताही मिळायचा, आणि पुढं काही नाही. डोकं धरून बसले. शेवटी कळलं, हाकेला उत्तर भलताच देत होता. ऑफिसातला वायफायचा डबा त्याच तारेवर होता. तो मधे तोंड घालून पत्ता देऊन टाकायचा आणि सिस्टीम कुठून घ्यायची ते सांगायचाच नाही. गावात अशी माणसं असतात. त्याला तारेवरून काढलं आणि पहिला पडदा उजळला. मग शेजारचा. मग रांगच्या रांग. मी एकटीच होते खोलीत. रडले. आनंदानं नाही. पाचवीतल्या त्या खिडकीच्या फटीच्या रागानं रडले.

शाळा उघडली त्या दिवशी दारावरची पाटी काढून टाकली. पोरं सवयीनं चपला काढायला लागली. मी म्हटलं, "घालून या."

या पद्धतीत एक गोष्ट आपोआप होते. कुणाचंच मशीन कुणाचं राहत नाही. तुम्ही कुठेही बसा, आपलं नाव टाका, तुमचं काम तुमच्यासमोर येतं. उद्या दुसरीकडे बसा, तिथंही तेच. शाळेत दोन तुकड्या आहेत. अ तुकडी सेमी इंग्रजी, तिथं भाऊसाहेबांचा नातू, त्यांच्या सोयऱ्यांची आणि शिक्षकांची पोरं. ब तुकडीत आमच्या टोल्याची आणि गड्यांची. कॉम्प्युटरचा तास दोघांचा मिळून. पूर्वी अ पुढं, ब मागं, असं कुणी न सांगता ठरलेलं होतं. मी सांगितलं, जिथं जागा मिळेल तिथं बसा.

ब तुकडीतली सातवीची एक मुलगी पुढच्या रांगेत बसायला लागली, पट्टी लावलेल्या मशीनवर. आमच्याच टोल्याची. तिनं पडद्यावरच्या नेहमीच्या चित्राऐवजी स्वतः काढलेला मासा लावला होता, लाल, डोळा मोठा. एक दिवस तास संपला तशी ती घाईत उठून गेली. नाव बंद करायचं राहिलं. पुढचा तास वरच्या वर्गाचा, तिथं भाऊसाहेबांचा नातू येऊन बसला. त्याच्या आजोबांच्या वडिलांच्या नावाची पट्टी, आणि समोर लाल मासा.

त्यानं घरी सांगितलं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तिचं उघडते.

भाऊसाहेब आले. बुटासकट. खुर्चीवर बसले, मी उभी. मी त्यांना समजावून सांगितलं: तिनं नाव बंद केलं नव्हतं, एवढंच. काम सगळं मुख्य मशीनमध्ये असतं, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. ते ऐकत होते. मग बोटानं कोपऱ्यातलं मुख्य मशीन दाखवलं.

"म्हंजे सारे पोट्टे याच्यातूनच घेतेत? आमचे बी, ते बी?"

"हो."

"एकाच घागरीतून पेऊन राहिले म्हन ना."

मी म्हटलं, "हो, तसंच."

ते खुर्चीत मागं रेलले. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"हे बरं नाही दिसत," ते म्हणाले. "माह्या मनात काही नाही, पन मायबाप बोलतेत. अ वाल्यायचं वेगळं कर. मशीन चालू केली का दोन नावं दिसली पाहिजेत. विशेष आन् सर्वसाधारन. पोट्टं आपलं आपलं दाबन. होते ना तसं?"

होतं. तेच तर वाईट होतं. मशीन सुरू होताना एक छोटा मेनू दाखवता येतो, कोणती सिस्टीम पाहिजे ते निवडायला. मुख्य मशीनमधल्या एका साध्या फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या. मेनूत देवनागरी उमटत नव्हती, रोमन अक्षरांत लिहायचं, बस. हात बसलेल्या माणसाला ते पाणी पिण्याइतकं सोपं.

"दसऱ्याच्या पूजेले सुरू करू," ते म्हणाले. "संस्थेचे लोक येतेत. तुह्या कंत्राटाचं बी तवाच पाहून घेऊ. पक्कं करून टाकू."

म्हणजे भाव ठरला होता. पक्की नोकरी पाहिजे तर दुसरी ओळ लिही.

पक्की नोकरी म्हणजे काय, ते ज्याला कधी नसते त्यालाच कळतं. आईनं बाजारात बसणं बंद होणार होतं. तिचे गुडघे गेले आहेत. टोपली डोक्यावर घेताना तिच्या तोंडून आवाज निघतो आणि ती खोकल्याचं सोंग करते.

घरी आले. आई अंगणात जाळं शिवत होती. सगळं सांगितलं. तिला कॉम्प्युटर कळत नाही, पण ड्रम कळतो. ती लगेच समजली. आणि हसली, तेच जुनं हसू.

"दोन नावं पाहिजेत ना त्याले? टाक ना मंग दोन नावं. मंधातून एकच ठेव. त्याच्या बापाले समजते का."

मला सुचलं नव्हतं असं नाही. दोन ओळी लिहायच्या, दोन्हींचं बोट एकाच सिस्टीमकडे. विशेष दाबा की सर्वसाधारण दाबा, उघडणार तेच. भाऊसाहेब खूश, नोकरी पक्की, आणि आतून सगळं एक. आईनं तसंच केलं होतं. मला लहानपणी त्याच गोष्टीनं झोपवलं होतं.

रविवारी दुपारी शाळा रिकामी होती. गेले. फाइल उघडली. दुसरी ओळ लिहिली. सगळी मशीनं सुरू केली, कसं दिसतं ते बघायला.

काळ्या पडद्यांवर दोन नावं उभी राहिली. वर विशेष. खाली सर्वसाधारण. सगळीकडे तेच. मी मधल्या वाटेत उभी होते आणि माझी नजर आपोआप खालच्या नावावर गेली. कुणी सांगितलं नाही मला. माझं बोट कोणत्या नावावर जायला पाहिजे ते बोटाला माहीत होतं, जसं पायरीवर बसायचं ते मला कुणी दुसऱ्यांदा सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला आईचं हसणं कळलं, आणि अंगाला चटका बसला. पाणी एक होतं. खरं आहे. पण ते कुणाला माहीत होतं? तिला आणि मला. गोठ्याजवळ तहानेनं उभ्या असलेल्या गड्याला विहीर दिसत नव्हती. त्याला ड्रम दिसत होता, गंजलेला. बँडवाल्याच्या पोराला ड्रम दिसत होता. आईनं सगळ्यांना एकच पाणी पाजलं आणि दोन्ही ड्रम जिथल्या तिथं ठेवले. आणि स्वतः उठून गेली तीही दुसऱ्याच ड्रमकडे. आतून एक केल्यानं काय झालं? त्यांचा मान शाबूत राहिला, वर विहिरीचं कौतुकही झालं.

लाल माशाची ती पोर या पडद्यासमोर बसणार. दोन नावं वाचणार. आत काय आहे ते तिला कधीच कळणार नाही. नाव कळेल.

मी दुसरी ओळ पुसली.

आईला सांगितलं. ती चिडली. "डोकं फिरलं का तुहं? दोन शब्द लिवाले काय जाते?"

"तुहं काय गेलं होतं, आई, दोन ड्रम ठेवताना?" मी विचारलं.

तिला समजलं नाही. किंवा समजलं. जाळ्यात मान घालून बसली. मी तिच्याशी वाईट बोलले, पण ते बोलायलाच पाहिजे होतं.

पूजेचा दिवस. मी सकाळपासून आत होते, केबली बघत होते. रांगेनं डब्यांना हार घातले. गंमत म्हणजे त्या एकाही डब्यात हार्ड डिस्क नव्हती. सगळे रिकाम्या डब्यांना हळद-कुंकू लावत होते. ज्याच्यावर सगळं चालत होतं ते मुख्य मशीन कोपऱ्यात कपाटावर होतं, त्याला एक फूल नाही. मीही सांगितलं नाही.

खोली भरली. संस्थेचे लोक, त्यांच्या घरच्या बाया, मुख्याध्यापक, शिक्षक. पोरं भिंतीला टेकून. भाऊसाहेबांनी नारळ फोडला. अ तुकडीच्या मुलांसाठी आजपासून वेगळी सोय केली आहे, म्हणाले. टाळ्या झाल्या. त्यांनी पट्टीवाल्या मशीनचं बटण दाबलं. मागून मुख्याध्यापकांनी बाकीची दाबली.

काळे पडदे. मग अक्षरं. रोमन अक्षरांत एकच शब्द, सगळीकडे: शाळा.

भाऊसाहेब वाकून बघत होते.

"दुसरं नाव कुठं आहे?"

"नाही लिवलं."

"विसरली का?"

"विसरली नाही. लिवनार नाही."

मुख्याध्यापक मधे काही बोलायला लागले, त्यांना भाऊसाहेबांनी हातानं थांबवलं. ते हसत होते. सोयऱ्यांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं:

"इच्या मायनं जिंदगीभर आमच्या घरी पानी भरलं. आन् आता हे पोट्टी आमाले शिकवून राहिली."

काहीजण हसले. मला पाचवीतला तो हशा ओळखू आला. तोच होता, वयानं वाढलेला.

माझा आवाज निघाला तो नीट निघाला.

"भरलं ना, भाऊसाहेब," मी म्हटलं. "दोन्ही ड्रम एकाच हिरीवरून भरले. तळ्याकाठच्या. तुमची हीर उन्हाळ्यात आटते. तुमच्या सोयऱ्यायनं त्या लग्नायत तुमच्या घरचं पानी पेलंच नाही. साऱ्यायनं एकच पेलं. मांडवातल्यायनं बी, गोठ्यापाशी होते त्यायनं बी."

हशा थांबला. पुढं बसलेल्या त्यांच्या एका म्हाताऱ्या काकूचा हात तोंडाशी गेला. पाणी पोटात जाऊन वर्षं लोटली होती, तरी हात गेला. भाऊसाहेब तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. घरातला हिशेब आता घरात लागणार होता. भिंतीजवळून एक पोरगं खुदकन हसलं, मग कुणीतरी त्याला दाबलं.

"बाहेर हो," भाऊसाहेब म्हणाले.

झाले. दारात चपलांचा ढीग होता. पूजा म्हणून सगळ्यांनी पुन्हा काढल्या होत्या. आणि पायरीवर, ढिगाशेजारी, ती लाल माशाची पोर बसलेली. हातात काडी, कुत्रं हाकलायला. आत असताना मला हे माहीतच नव्हतं.

"तुले कोनं बसवलं?"

"सरनं."

"ऊठ."

ती उठली. ढिगाकडे बघून म्हणाली, "मॅडम, अन् चपला?"

"ज्याच्या त्याले राखू दे."

मी तिला आत पाठवलं नाही. आत जाण्यासारखं तिथं काही नव्हतं त्या वेळी. दोघी तळ्याच्या वाटेनं घरी आलो.

गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. आई दारात उभी होती.

"माह्यापाशी एकच गोष्ट होती," ती म्हणाली. "जिंदगीत एकच. ते बी तू चारचौघात मांडून आली."

मी माफी मागितली नाही. तिची गोष्ट मी घेतली, हे खरं. पण ती गोष्ट पदराआड ठेवून दोन पिढ्या गेल्या आणि ड्रम हलला नाही. आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. सोमवारी मोहाडीच्या बाजाराला जाताना टोपली ती मला उचलू देत नाही. मी मागं मागं चालते.

शाळेनं उद्यापासून येऊ नका असा निरोप दिला. नागपूरहून एक माणूस आणला. त्यानं अर्ध्या दिवसात दुसरी ओळ लिहून दिली. पोरं मला येऊन सांगतात. कोणतंही नाव दाबलं तरी तेच उघडते म्हणतात, मासा बी तोच. म्हणजे त्या माणसानंही आईसारखंच केलं. दोन नावं, आत एक. त्याला कंटाळा आला असेल, दुसरं काय. आणि पोरं? पोरं आपापलं नाव दाबतात. वरची वरचं, खालची खालचं. लाल माशाची पोर मागच्या रांगेत बसते. तिला ठाऊक आहे आत एकच आहे, तरी बसते. मला आणखी पुरावा नको.

मागच्या महिन्यात अड्याळकडच्या एका शाळेनं बोलावलं. त्यांच्याकडेही अशीच मेलेली मशीनं पडली आहेत. मी सगळं बघितलं, होईल म्हटलं. तिथल्या संस्थेचे एक गृहस्थ चहा पाजता पाजता सहज बोलले, आमच्याकडे दोन माध्यमं आहेत, दोघांचं वेगळं ठेवता येते ना मॅडम?

"येते," मी म्हटलं. "मी ठेवत नाही."

ते हसले. त्यांना वाटलं, मी पैसे वाढवून मागते आहे. मी पुन्हा सांगितलं. मग हसले नाहीत. कळवतो म्हणाले. अजून कळवलं नाही. नाही कळवलं तर नाही. सॉफ्टवेअर कुणाच्या बापाचं नाही, जुनी मशीनं भंगारात किलोनं मिळतात, आणि आमच्या टोल्यात जाळी ठेवायची खोली आहे, तिला छप्पर आहे. जिथं बसवीन तिथं बसवीन, पण सुरू होताना पडद्यावर एकच नाव येईल. दुसरी ओळ माझ्या हातून लिहिली जाणार नाही. लपवून एक केलेली तर नाहीच नाही. पाणी एक आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यानं आता माझं भागत नाही. ड्रम एक पाहिजे, आणि तो मांडवाच्या मधोमध पाहिजे.